आयर्लंडचे एकीकरण : शिरगणतीवर नव्हे, आराखड्यावर

प्रश्न असा आहे : ब्रिटनचा भाग असलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिकांची संख्या आता प्रॉटेस्टंटांपेक्षा जास्त झाली आहे, एकीकरणाचा पुरस्कार करणारा शिन फेन हा पक्ष तेथील विधानसभेत पहिल्या क्रमांकावर आला आहे आणि ब्रेक्झिटमुळे लंडनवरची नाराजी वाढली आहे, तर मग येत्या दहा-पंधरा वर्षांत आयर्लंड राजकीयदृष्ट्या एक होणार, असे धरून चालायचे का? ब्रिटन आणि आयर्लंड यांच्या घटनात्मक संबंधांचे अध्यापन मी अनेक वर्षे करत आलो आहे आणि हा प्रश्न विद्यार्थ्यांकडून, पत्रकारांकडून मला सतत विचारला जातो. माझे उत्तर असे की, २०३०च्या दशकात सार्वमत होण्याची शक्यता खरी आहे, मात्र त्याचा निकाल एकीकरणाच्या बाजूने लागेलच असे आजच्या आकड्यांवरून म्हणता येत नाही. हा निकाल धर्मनिहाय शिरगणतीवर ठरणार नाही. एकत्रित आयर्लंडमध्ये पेन्शन, दवाखाना, शाळा आणि ब्रिटिश ओळख यांचे काय होईल, हे डब्लिनचे, म्हणजे आयर्लंड प्रजासत्ताकाचे, सरकार मतदानापूर्वी कितपत स्पष्ट लिहून देते, यावर तो ठरेल.

सुरुवात कायद्यापासून करणे योग्य, कारण या बाबतीत उत्तर आयर्लंडची स्थिती जगात जवळजवळ एकमेव म्हणावी अशी आहे. १० एप्रिल १९९८ रोजी झालेल्या गुड फ्रायडे कराराने ब्रिटनने असे मान्य केले की, उत्तर आयर्लंडमधील बहुसंख्य मतदारांची इच्छा असेल तर तो प्रदेश ब्रिटनमधून बाहेर पडून आयर्लंडमध्ये सामील होऊ शकतो. त्याच वर्षीच्या उत्तर आयर्लंड कायद्यात हे तत्त्व कलमबद्ध झाले : मतदान घेतल्यास बहुमत एकीकरणाच्या बाजूने जाण्याची शक्यता आहे, असे ज्या वेळी उत्तर आयर्लंडच्या कारभारासाठी नेमलेल्या ब्रिटिश मंत्र्याला वाटेल, त्या वेळी सार्वमत घेणे त्याच्यावर बंधनकारक आहे. एका सार्वमतानंतर सात वर्षांच्या आत दुसरे घेता येत नाही. स्कॉटलंडला हा हक्क नाही. तेथील संसदेला लंडनच्या संमतीशिवाय स्वातंत्र्याचे सार्वमत घेता येणार नाही, असा निवाडा ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये दिला. उत्तर आयर्लंडचा बाहेर पडण्याचा मार्ग मात्र ब्रिटनच्याच कायद्याच्या पुस्तकात छापलेला आहे.

अडचण आहे ती मंत्र्याला 'वाटण्या'ची. त्याने हे कशावरून ठरवायचे, म्हणजे जनमत चाचण्यांवरून, निवडणुकांतील मतांवरून, जनगणनेवरून की विधानसभेच्या ठरावावरून, याबद्दल कायद्यात एक अक्षरही नाही. या संदर्भातले धोरण सरकारने जाहीर करावे, अशी मागणी न्यायालयात झाली होती. तसे बंधन सरकारवर नाही, असा निर्णय उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट येथील अपील न्यायालयाने २०२० मध्ये दिला. त्यामुळे कुलपाची किल्ली आजही लंडनमधील एका मंत्र्याच्या खिशात आहे. २०२४ पासून त्या पदावर असलेले हिलरी बेन यांची भूमिका अशी आहे की, सार्वमतासाठी आवश्यक ती परिस्थिती अद्याप निर्माण झालेली नाही. उपलब्ध आकडे पाहता तिला चुकीची म्हणणे कठीण आहे, परंतु निकष जाहीर न करण्याचे धोरण मला घातक वाटते. ज्या दिवशी आकडे काठावर येतील त्या दिवशी मंत्र्याने 'हो' म्हटले तरी आणि 'नाही' म्हटले तरी एका समाजाला तो पक्षपात वाटेल, आणि ज्या भूमीवर तीस वर्षांच्या हिंसाचारात सुमारे साडेतीन हजार माणसे मारली गेली तेथे असा संशय परवडणारा नाही.

सीमेच्या प्रश्नावरचे सार्वमत यापूर्वी एकदा झाले आहे. मार्च १९७३ मध्ये झालेल्या त्या मतदानावर राष्ट्रवादी, म्हणजे एकीकरण हवे असलेल्या, मुख्यतः कॅथलिक समाजाने बहिष्कार टाकला, सुमारे ५९ टक्के मतदान झाले आणि त्यातील जवळजवळ ९९ टक्के मते ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूने पडली. एका समाजाने पाठ फिरवलेल्या त्या निकालाने काहीही सुटले नाही. यापुढच्या सार्वमताची आखणी करताना हा अनुभव समोर असायला हवा.

दुसरी गोष्ट अनेकदा नजरेआड होते. संमती दोन्ही बाजूंची लागते. १९९८ मध्ये आयर्लंड प्रजासत्ताकाने आपल्या राज्यघटनेची दुसरी आणि तिसरी कलमे बदलून उत्तरेवरचा सरळ हक्क सोडून दिला आणि त्याऐवजी असे लिहिले की, एकत्रित आयर्लंड केवळ शांततामय मार्गाने आणि दोन्ही अधिकारक्षेत्रांतील बहुसंख्य लोकांच्या संमतीनेच अस्तित्वात येईल. त्या वेळी दक्षिणेत, म्हणजे प्रजासत्ताकात, ९४ टक्के आणि उत्तरेत ७१ टक्के मतदारांनी कराराला कौल दिला होता. म्हणजे बेलफास्टमध्ये 'हो' मिळाले आणि डब्लिनमध्ये 'नाही' आले, तर एकीकरण होणार नाही.

आता लोकसंख्येकडे वळू. भारतीय वाचकाच्या मनात फाळणी म्हटले की १९४७ येते आणि धर्म हाच निर्णायक घटक मानला जातो. आयर्लंडच्या फाळणीतही धर्म होताच : १९२०च्या कायद्याने उत्तर आयर्लंड वेगळे काढताना अल्स्टर प्रांताच्या नऊपैकी सहाच परगणे घेतले गेले, डोनेगल, कॅव्हन आणि मोनाहन बाहेर ठेवले गेले, ते प्रॉटेस्टंट बहुमत पक्के राहावे म्हणूनच. तेव्हा त्या सहा परगण्यांत कॅथलिक सुमारे एक तृतीयांश होते. २०२१च्या जनगणनेत कॅथलिक असलेले किंवा त्या घरात वाढलेले ४५.७ टक्के आणि प्रॉटेस्टंट व इतर ख्रिस्ती पार्श्वभूमीचे ४३.५ टक्के अशी नोंद झाली. ज्या हिशेबावर हे राज्य उभे राहिले तो हिशेब शंभर वर्षांत उलटला, ही घटना लहान नाही. पण त्याच जनगणनेत राष्ट्रीय ओळखीचाही प्रश्न होता. त्यात केवळ 'ब्रिटिश' म्हणवणारे ३१.९ टक्के, केवळ 'आयरिश' म्हणवणारे २९.१ टक्के आणि केवळ 'नॉर्दर्न आयरिश' म्हणवणारे १९.८ टक्के निघाले. कॅथलिक ४५.७ आणि 'आयरिश' २९.१, या दोन आकड्यांमध्ये जे अंतर आहे, त्या अंतरातच पुढच्या सार्वमताचा निकाल दडलेला आहे.

निवडणुकांचे आकडे हेच सांगतात. मे २०२२च्या विधानसभा निवडणुकीत शिन फेनला २७ आणि ब्रिटनमध्ये राहू इच्छिणाऱ्या डीयूपी या पक्षाला २५ जागा मिळाल्या, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशेल ओ'नील या उत्तर आयर्लंडच्या पहिल्या राष्ट्रवादी फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तेथील सरकारच्या प्रमुख, झाल्या. ज्या राज्याची रचनाच असे घडू नये म्हणून झाली होती त्या राज्यात हे घडले, याचे मोल मोठे आहे. मात्र १९९८ मध्ये शिन फेन आणि एसडीएलपी या दोन राष्ट्रवादी पक्षांची पहिल्या पसंतीची मते मिळून सुमारे ४० टक्के होती, आणि २०२२ मध्ये त्याच दोन पक्षांची बेरीज ३८ टक्क्यांच्या आसपास होती. शिन फेन वाढला तो मुख्यतः एसडीएलपीच्या मतांवर. खरा बदल पलीकडे झाला : युनियनिस्ट पक्षांची, म्हणजे ब्रिटनशी असलेली जोड टिकवू पाहणाऱ्यांची, मते साधारण निम्म्यावरून ४० टक्क्यांपर्यंत घसरली आणि कोणत्याच गटाचा शिक्का न घेणारा अलायन्स पक्ष साडेसहा टक्क्यांवरून साडेतेरा टक्क्यांवर गेला. युनियनिझमने बहुमत गमावले आहे, परंतु ते राष्ट्रवादाने मिळवलेले नाही. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ही दोन विधाने एकच समजली जातात आणि तेथेच बहुतेक भाकिते फसतात.

जनमत चाचण्यांमध्येही पद्धतीनुसार फरक दिसतो. ऑनलाइन चाचण्यांत उत्तरेतील एकीकरणाचा पाठिंबा ४० टक्क्यांच्या आसपास असतो, तर प्रत्यक्ष घरी जाऊन घेतलेल्या मुलाखतींत तो एक तृतीयांशाच्या जवळ राहतो, अलीकडे थोडा चढता. दोन्हींत 'ब्रिटनमध्येच राहू' म्हणणारे पुढे आहेत. तरुणांमध्ये अंतर कमी होते हे खरे, पण आजचे तरुण चाळिशीत गेल्यावरही तसेच मत देतील, हे गृहीत धरण्यास आधार नाही.

ब्रेक्झिटने मात्र चर्चेचा पायाच बदलला. २०१६ मध्ये उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी युरोपीय संघात राहण्याचा कौल दिला होता, तरी त्याला बाहेर जावे लागले. एप्रिल २०१७ मध्ये युरोपीय परिषदेने स्पष्ट केले की, गुड फ्रायडे करारानुसार एकीकरण झाल्यास संपूर्ण बेट आपोआप युरोपीय संघाचा भाग असेल. म्हणजे सार्वमतात 'हो' म्हणणे हा युरोपात परतण्याचा एकमेव तयार रस्ता झाला. त्यातच ब्रेक्झिटनंतरच्या नॉर्दर्न आयर्लंड प्रोटोकॉलनुसार आणि त्यात सुधारणा करणाऱ्या २०२३च्या विंडसर फ्रेमवर्कनुसार उत्तर आयर्लंड मालाच्या व्यापारापुरते युरोपच्या नियमांत राहिले आणि तपासणी आयरिश समुद्रावर गेली. अनेक युनियनिस्टांना हे आपल्याच देशाने आपल्याला दूर लोटल्यासारखे वाटते, आणि त्यांची ती वेदना मला समजते.

आता पैशाकडे, कारण मतदानगृहात माणूस झेंड्याबरोबर पगाराची पावतीही मनात घेऊन जातो. उत्तर आयर्लंडमध्ये जमा होणारा कर आणि तेथे होणारा सरकारी खर्च यांतील तफावत लंडनकडून भरून निघते आणि ती साधारण वर्षाला १० अब्ज पौंड धरली जाते. एकीकरणानंतर हा भार दक्षिणेतील पन्नास लाखांहून अधिक लोकांवर पडेल का? जॉन फिट्झजेराल्ड आणि एडगर मॉर्गनरॉथ या अर्थतज्ज्ञांनी २०२४ मध्ये वर्षाला ८ ते २० अब्ज युरो असा अंदाज मांडला. डब्लिन सिटी युनिव्हर्सिटीचे जॉन डॉयल यांचा हिशेब अडीच-तीन अब्जांच्या आसपास येतो. एकाच प्रदेशाबद्दलच्या दोन अंदाजांत इतकी मोठी दरी कशी पडते, हे समजून घेतल्याशिवाय या वादाला अर्थ नाही.

तफावतीचा आकडा हा हिशेबाच्या वहीतला आकडा आहे. त्यात ब्रिटनच्या राष्ट्रीय कर्जावरील व्याजाचा, संरक्षण खर्चाचा आणि लंडनमधून चालणाऱ्या इतर कामांचा लोकसंख्येच्या प्रमाणात काढलेला वाटा धरलेला असतो, शिवाय निवृत्तिवेतनाची मोठी रक्कम असते. ज्या माणसाने चाळीस वर्षे ब्रिटनच्या राष्ट्रीय विम्यात हप्ते भरले त्याची पेन्शन एकीकरणानंतर कोण देणार? ब्रिटनमधून निवृत्त होऊन स्पेनला गेलेल्या माणसाला लंडन पेन्शन देते, तर बेलफास्टमधल्या माणसालाही द्यावी, असा डॉयल यांच्या बाजूचा युक्तिवाद आहे. तसे झाले आणि कर्जाचा वाटा ब्रिटनने स्वतःकडे ठेवला तर आकडा झपाट्याने खाली येतो. याउलट उत्तरेतील शिक्षकाचा, परिचारिकेचा पगार आणि बेरोजगाराचा भत्ता दक्षिणेच्या पातळीवर आणायचा ठरला, तर तो २० अब्जांकडे जातो, कारण दक्षिणेत हे दर बरेच जास्त आहेत. म्हणजे खर्च किती हा प्रश्न मुळात वाटाघाटीचा आहे, आणि ब्रिटन सार्वमताआधी वाटाघाटीला बसेल अशी चिन्हे नाहीत. मला स्वतःला दोन्ही टोके अपुरी वाटतात : पेन्शनबाबत लंडन काही काळ तरी जबाबदारी घेईल, पण एका राष्ट्रात एकाच कामासाठी दोन वेतनश्रेणी फार वर्षे टिकवता येणार नाहीत.

दक्षिणेची तिजोरी आज भरलेली आहे हे खरे, पण तिच्या कंपनी करातील निम्म्याहून अधिक वाटा केवळ दहा बहुराष्ट्रीय कंपन्यांचा आहे. ज्या उत्पन्नाची पुढील दहा वर्षांची हमी देता येत नाही, त्याच्या जोरावर कायमची बांधिलकी स्वीकारायला डब्लिनचे अर्थखाते कचरते, यात नवल नाही.

आरोग्यव्यवस्थेचा मुद्दा पैशाहूनही जवळचा आहे. उत्तरेत डॉक्टरांकडे गेल्यावर खिशात हात घालावा लागत नाही. दक्षिणेत मोफत उपचारासाठीचे सरकारी मेडिकल कार्ड किंवा जीपी कार्ड नसलेल्या माणसाला फॅमिली डॉक्टरच्या एका भेटीसाठी पन्नास-साठ युरो मोजावे लागतात. उत्तरेतील प्रतीक्षा याद्या संपूर्ण ब्रिटनमध्ये सर्वांत वाईट आहेत आणि सरासरी आयुर्मानात दक्षिण आता पुढे गेली आहे, हे आकडे कितीही मांडले तरी 'मोफत' या शब्दाची पकड सुटत नाही. आणि तरीही याच क्षेत्रात एकत्र काम कसे चालते हे पाहायला मिळते. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्या बाळाच्या हृदयाची शस्त्रक्रिया आता बेलफास्टमध्ये होत नाही. दोन्ही बाजूंनी मिळून उभारलेल्या व्यवस्थेनुसार ते बाळ डब्लिनच्या क्रमलिन येथील बाल रुग्णालयात नेले जाते. उलट दिशेने, डोनेगलच्या कॅन्सर रुग्णांना डब्लिनपर्यंतचा कित्येक तासांचा प्रवास नको म्हणून ते उत्तरेतील डेरीच्या आल्टनागेल्व्हिन रुग्णालयात रेडिएशन घेतात, आणि त्या केंद्राच्या उभारणीत दक्षिणेच्या सरकारने पैसा घातला आहे. अशा ठिकाणी आई-वडिलांना सीमेचे राजकारण सुचत नाही. एकीकरणाच्या समर्थकांनी प्रचारसभांपेक्षा अशा व्यवस्थांचा विस्तार करण्यावर भर द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतीकांचा प्रश्न दक्षिणेतील लोकांना किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. आपल्याकडे क्रिकेटमुळे ओळखीचा असलेला आयर्लंडचा संघ, ज्याने २०११ मध्ये बेंगळुरूत इंग्लंडला हरवले, तो संपूर्ण बेटाचा संघ आहे, रग्बीचाही तसाच. त्यामुळे या संघांसाठी सर्वांना चालेल असे वेगळे गीत वाजवले जाते. खेळात जे जमले ते राज्यात जमेल का? २०२१च्या अखेरीस दक्षिणेत घेतलेल्या एका मोठ्या पाहणीत एकीकरण हवे म्हणणारे भरपूर होते, पण त्यासाठी जास्त कर किंवा नवा झेंडा स्वीकारण्यास तीन चतुर्थांशाहून अधिक लोकांनी नकार दिला. करारानुसार उत्तरेत जन्मलेल्या माणसाला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही नागरिकत्वांचा हक्क आहे आणि सार्वभौमत्व बदलले तरी तो टिकतो. कागदावरचा हा हक्क उद्याच्या शाळेत, पोलिसांत, सुट्ट्यांच्या यादीत आणि संसदेच्या रचनेत कसा दिसेल, बेलफास्टची विधानसभा एकत्रित आयर्लंडमध्येही चालू राहील का, हे कोणीच सांगितलेले नाही. एकेकाळी युनियनिस्टांना डब्लिनच्या राज्याची भीती वाटे ती चर्चच्या पगड्यामुळे. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाला आणि २०१८ मध्ये गर्भपाताच्या हक्काला सार्वमताने मान्यता देणाऱ्या देशाबद्दल ती भीती आता टिकत नाही. उरली आहे ती आपण कायमचे अल्पसंख्य होऊ ही भीती, आणि तिचे उत्तर आश्वासनांत नव्हे, घटनेच्या कलमांतच द्यावे लागेल.

डब्लिनने आजवर हे काम टाळले आहे. पंतप्रधान मिहॉल मार्टिन यांनी २०२० मध्ये 'शेअर्ड आयलंड' उपक्रम सुरू केला, त्यातून नॅरो वॉटर येथील सीमेपलीकडे जाणाऱ्या पुलाचे काम मार्गी लागले, संशोधनाला पैसा मिळाला. पण सार्वमताची तयारी हा शब्द सरकार उच्चारत नाही. मूळचे मालवणजवळच्या वराड गावचे कुटुंब असलेले लिओ वराडकर पंतप्रधानपदी असताना सावध बोलत. पद सोडल्यानंतर २०२४ मध्ये त्यांनी बेलफास्टमध्ये उघडपणे म्हटले की, एकीकरण ही केवळ आकांक्षा न राहता सरकारचे उद्दिष्ट व्हायला हवे. मी त्यांच्याशी सहमत आहे, आणि याचे कारण भावनिक नाही. स्कॉटलंडच्या सरकारने २०१४च्या मतदानापूर्वी स्वातंत्र्यानंतरच्या राज्याची सहाशेहून अधिक पानांची श्वेतपत्रिका काढली. त्यातील उणिवा लोकांना वाचता आल्या, त्यावर वाद झाला, आणि हरलेल्या बाजूने निकाल मान्य केला. ब्रेक्झिटच्या वेळी 'बाहेर' म्हणजे नेमके काय, हे कोठेच लिहिलेले नव्हते. त्याचा अर्थ लावण्यात पुढची साडेतीन वर्षे गेली. पन्नास-साठ वर्षांच्या जखमा ओल्या असलेल्या समाजात ब्रेक्झिटच्या पद्धतीने मतदान घेणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

शेवटचा वादाचा मुद्दा बहुमताचा. कायद्याला ५० टक्क्यांच्या वर एक मत पुरेसे आहे. एसडीएलपीचे दिवंगत नेते शेमस मॅलन स्वतः राष्ट्रवादी असूनही आयुष्याच्या अखेरीस असे मांडू लागले की, युनियनिस्ट समाजाचीही पुरेशी संमती मिळेपर्यंत थांबावे. त्यामागची तळमळ निखळ होती. पण ब्रिटनमध्ये राहण्यासाठी साधे बहुमत चालते आणि बाहेर पडण्यासाठी अधिक लागते, असा नियम केला तर एका समाजाचे मत दुसऱ्यापेक्षा वजनदार ठरेल, आणि १९९८चा करार त्याच विषमतेचा शेवट करण्यासाठी होता. मर्यादा बदलू नये; मात्र ५१ टक्क्यांवर जिंकण्याच्या तयारीने कोणी मैदानात उतरू नये. चाचण्यांत पाठिंबा काही वर्षे सलग निम्म्याच्या वर राहिल्यावरच मतदान मागणे शहाणपणाचे, कारण ते हरले तर सात वर्षे प्रश्न बंद होतो आणि निसटते जिंकले तर नव्या राज्याचा पहिलाच दिवस संशयात उगवतो.

तेव्हा पुढे काय पाहावे? उत्तर आयर्लंडच्या विधानसभेची पुढची निवडणूक २०२७ मध्ये अपेक्षित आहे. तेथे पहिला क्रमांक कोणाचा यापेक्षा दोन्ही राष्ट्रवादी पक्षांची बेरीज ४० टक्क्यांची मर्यादा ओलांडते का आणि अलायन्सचा मतदार कोणीकडे झुकतो, हे महत्त्वाचे. दक्षिणेत नोव्हेंबर २०२४च्या निवडणुकीत शिन फेनला ३९ जागा मिळूनही सत्ता मिळाली नाही. तो पक्ष पुढे डब्लिनच्या सरकारात आला तर तयारीला वेग येईल, पण एकीकरण हा एका पक्षाचा कार्यक्रम असल्याची समजूतही बळावेल, आणि बेलफास्टमधील मधला मतदार त्याने बिचकेल. याहून मोठा फरक पडेल तो फिआना फॉल आणि फिन गेल या जुन्या पक्षांच्या सरकारने पेन्शन, आरोग्य आणि विधानसभेचे भवितव्य या तीन विषयांवर अधिकृत मसुदा काढून तो उत्तरेतील प्रत्येक घरात वाचायला दिला तर. असा मसुदा निघाल्यानंतर पाच वर्षांनी कोणी मला हाच प्रश्न विचारला, तर माझे उत्तर आजच्यापेक्षा बरेच वेगळे असू शकेल.